माझ्या पोटातल्या खोट्या गोळ्या

मी एक डबी बोलतेय. पत्र्याची, सात कप्प्यांची, इवल्याशा कुलपाची. बोलतेय म्हणजे काय, आपली मनातल्या मनात! तोंड उघडायचं तर किल्ली ताईंच्या पर्समध्ये.

ताई म्हणजे या घरातली थोरली बहीण. धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. हातात कसब, पण चित्त कधी थाऱ्यावर नाही. काढलेला स्क्रू कुठे ठेवला, ते पुढच्या मिनिटाला विसरायचा. लहानपणापासून 'वेंधळा', 'धांदरट' ऐकून कान किटलेले. मग कुणीतरी कोकेन दिलं. "ताई, पहिल्यांदाच डोकं शांत झालं गं," म्हणाला होता. त्या शांततेपायी नोकरी गेली.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दुखणी एकदम हातात घेतली. ताईंना म्हणाल्या, "लक्ष न टिकणं हाही आजारच आहे. त्यावर गोळी देऊ, कोकेनसाठी समुपदेशन चालू राहील. गोळी मात्र रोज तुमच्या हातून, कुलपातून." म्हणून मला आणलं.

पण शेजारणीने सांगितलं, ही गोळीही उत्तेजकच असते. झालं! ताईंच्या मनात आलं, एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात ढकलायचं? त्यांनी खऱ्या गोळ्या कपाटात दडवल्या आणि माझ्यात तशाच दिसणाऱ्या जीवनसत्त्वाच्या भरल्या. डॉक्टरीणबाईंना विचारायचं सुचलं नाही. अहो, माया असावी, पण इतकी आगाऊ?

तीन आठवडे तो रोज सकाळी निमूट गोळी गिळत होता. "ताई, काही फरकच पडत नाही गं."

"धीर धर रे."

मी आत नुसती तडफडायचे. खोटं माझ्या पोटात, आणि झाकण बंद!

आज दुपारी तो आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "औषधही लागू पडत नाही. मी मुळातच बिघडलोय, ताई. आता माझा नाद सोड."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही रे राजा! मीच गोळ्या बदलल्या. मला भीती वाटली रे..." आणि त्या हमसून हमसून रडायला लागल्या.

वाटलं, आता हा मला भिंतीवर आपटणार. पण तो मटकन खाली बसला. "म्हणजे मी औषध अजून घेतलंच नाही?" दोनदा विचारलं. मग खिशातून एक पुडी काढून माझ्या शेजारी ठेवली.

"सकाळी आणली. अजून उघडली नाहीये."

ती पुडी अजून तिथेच आहे. त्याची नजर तिच्यावरून हलत नाही. ताई, अहो, रडा मागाहून! आधी ती उचला, खऱ्या गोळ्या घ्या आणि त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा. मला हात असते, तर मीच उचलली असती हो.