घराकडे पाहणारा डोंगा

ओल्या जाळ्याचा वास आधी जिना चढतो, त्याच्यामागून सुखराम. रविवारचा दिवस कलू लागला, तलावावरचा तांबूस प्रकाश पाण्यावरून उठून काठच्या मोहांच्या खोडांवर चढला आणि दरेकशाच्या डोंगरात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा दुरून, झोपेत ऐकल्यासारखा आला, की मी मागे न बघताच गच्चीवर दुसरी खुर्ची ओढते. तो खुर्चीवर कधी बसत नाही, तरी मी ओढते. कठड्याशी उकिडवा बसून, पाण्याने सुरकुतलेले हात गुडघ्यांवर ठेवून, तो माझ्या फोनकडे अशा एकाग्रतेने पाहतो की जणू त्यातून आता मासोळी उसळणार आहे.

सालेकशाजवळच्या आमच्या या गावात फोनला नीट रेंज मिळते ती माझ्या गच्चीवरच. खाली अंगणात फोन म्हणजे नुसता आरसा. मी इथल्या शाळेची निवृत्त मास्तरीण, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं गाव म्हणतं, ते खोटं नाही. सुखराम तलावावर मासे धरणारा ढिवर. त्याची एकुलती एक मुलगी वनिता माझी विद्यार्थिनी. गोंदियाला नर्सिंग शिकली आणि तीन वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातल्या गोझो नावाच्या बेटावर, एका वृद्धाश्रमात नोकरीला गेली. माल्टा, गोझो, कोमिनो. आमच्या शाळेच्या नकाशात तिथे माशी बसून गेल्यासारखे तीन ठिपके होते. एवढ्याशा ठिपक्यावर माणूस मावतं, हे मला वनिता तिथे गेल्यावरच कळलं.

सुट्टीच्या दिवशी ती फोन उंच धरून चालत राहते आणि आम्ही दोघं तिच्या हाताबरोबर त्या बेटांवर हिंडतो. इकडे सांज गडद होत असते आणि तिकडे ऊन असं लखलखत असतं की आमच्या चेहऱ्यांवरही त्याचा थोडा उजेड पडतो. गुळाच्या ढेपेच्या रंगाच्या दगडांची घरं, त्यांना बाहेर डोकावणारे लाकडी, रंगीत, बंदिस्त सज्जे. गल्लीच्या टोकाला अचानक उघडणारा, डोळ्यांना न पेलणारा निळा समुद्र. किनाऱ्याच्या खडकात कोरलेले चौकोन तिने दाखवले. त्यांत समुद्राचं पाणी साठवतात, ते उन्हात आटतं आणि मागे उरलेलं मीठ झाडूने गोळा करतात. सुखराम पुढे सरकला. "ह्या त बांध्याच हायेत, मिठाच्या," तो म्हणाला. आमच्याकडे धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात. त्या दिवसापासून ते बेट त्याला परकं राहिलं नाही.

दारात बसून बारीक दोऱ्याची लेस विणणारी एक म्हातारी तिने दाखवली, तर हा बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिला आणि मग गंभीरपणे म्हणाला, "जारा चांगला विनून राहिली, पन भोकं लय लहान ठेवली. पानीबी अडंन यात." जाळ्याला तो जारा म्हणतो. वनिता तिकडे हसून हसून कोलमडली. पुढे एकदा पुराणकाळातलं देऊळ आलं, हत्तीएवढ्या शिळांचं. एका राक्षसिणीने खांद्यावर लेकरू घेऊन त्या शिळा डोक्यावरून वाहिल्या, अशी तिथली लोककथा. मी मास्तरणीच्या सवयीने नाक मुरडलं. सुखरामने मात्र मान डोलावली. "होते अशा बाया. वनिताची माय तेंदूच्या जंगलातून अशीच ये, खांद्यावर पोरगी आन् डोक्यावर पानाचा भारा." ती माय जाऊन आता बारा वर्षं झाली.

त्या बेटांवरच्या कित्येक चर्चना म्हणे दोन घड्याळं असतात, एक खरी वेळ दाखवणारं आणि एक खोटी, सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून. मला ही लबाडी इतकी आवडली की मी सालेकशाच्या बाजारातून दुसरं घड्याळ आणलं, गच्चीच्या दाराशी जुन्याच्या शेजारी टांगलं आणि वनिताची वेळ लावली. आमचे साडेसहा झाले की त्यात तीन. सुखरामने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हंजे माह्या पोरीचा दिवस अजून बुडाला नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

बोलायची गोष्ट एकच होती आणि तीच कुणी बोलत नव्हतं. दिवाळीनंतर वनिताचा तीन वर्षांचा करार संपत होता. तिथली मंडळी आणखी दोन वर्षांसाठी सही मागत होती. ती येणार की राहणार? सुखराम गावभर सांगत फिरे, "धान कटाईले येईन पोरगी," पण तिच्यासमोर चकार शब्द नाही.

"अहो सुखरामभाऊ, एकदा तोंडाने म्हणा ना, ये बाई म्हणून!" मी चिडून म्हटलं. "तिला काय स्वप्न पडणार आहे?"

"कायले म्हनू, बाई? जारा ओढला त मासोरी येते. पोरगी थोडीच येते?"



श्रावणातल्या एका रविवारी वनिता माल्टाच्या एका कोळीबंदरावर गेली होती. लाल, पिवळ्या, निळ्या नावा पाण्यावर डुलत होत्या आणि प्रत्येक नावेच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंना दोन डोळे काढलेले. संकट लांबून दिसावं, नाव सुखरूप परतावी, म्हणून. सुखरामने तिला फोन हलवू दिला नाही. कितीतरी वेळ तो त्या डोळ्यांत डोळे घालून बसला होता.

पुढच्या रविवारी तो आम्हाला घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेला. आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या हातातल्या फोनमधल्या वनिताला. तिथे रेंज तुटक, चित्र थबकत थबकत पुढे जाई. एका झाडाच्या खोडातून कोरलेला त्याचा डोंगा काठाला लागला होता, आणि त्या काळपट लाकडावर चुन्याचे दोन पांढरे डोळे होते, मध्ये काजळाची बुबुळं. पण ते होते मागच्या टोकाला.

"बा, उलटे काढले तुनं!" वनिता खिदळली. "डोळे पुढं राहतेत!"

"पुढचं पाहाले मी आहो ना," सुखराम म्हणाला. "मांगं घराकडं कोन पाहीन?"

चित्र हललं. वनिताने फोन स्वतःकडून समुद्राकडे वळवला होता. बराच वेळ आम्हाला नुसतं पाणी दिसत राहिलं आणि तिचं नाक ओढणं ऐकू येत राहिलं.

चुना पाण्यात किती टिकणार? दर दोन-चार दिवसांनी डोळे पुसट होत, आणि सुखराम बोटाने ते पुन्हा काढी. मी म्हटलं, माझ्याकडे खिडक्यांचा निळा ऑइलपेंट उरलाय, तो लावा, कायमचे होतील. तो दचकला. "कायमचे कायले, बाई? धान कटेवरीच त पायजेत."

दिवाळीच्या सुमाराला तिथली माणसं घड्याळ एक तास मागे करतात, असं वनिताने सांगितलं. मी स्टुलावर चढून काटा मागे सरकवला. खाली उभा सुखराम पुटपुटला, "आनखी एक तास दूर गेली." धानाच्या लोंब्या तेव्हा पिवळ्या होऊन वाकल्या होत्या, विळे धार लावून तयार होते.

आणि कापणीच्या आठवड्यात, भर दुपारी, वनिताचा मला एकटीला फोन आला. तिने सही केली होती. "मॅडम, मले इथं आवडते," ती म्हणाली. "लोक आवडतात, काम आवडते, समुद्र आवडते. बासमोर हे तोंडातून निघतच नाही. तुम्ही सांगा ना." मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. आणि मग आठवलं, चौथीच्या वर्गात तिचं बोट धरून नकाशातल्या निळ्या रंगावर मीच ठेवलं होतं.

रविवारी तो आला तेव्हा अंगाला मासळीचा नाही, धानाच्या तणसाचा वास होता. फोन लावण्याआधीच मी सांगून टाकलं. आणखी दोन वर्षं. तिला तिथे आवडतं, हेही सांगितलं; अर्धं सत्य त्याला द्यायला मन धजेना. कापलेल्या बांध्यांवरून धुकं सरकत होतं, खालून तलावाचा थंड श्वास वर येत होता. त्याने दुसऱ्या घड्याळाकडे मान वर करून पाहिलं, तिथे नुकता एक वाजला होता. मग घसा खाकरून विचारलं,

"बाई, तो निळा रंग हाय का अजून?"

मी मान डोलावली. नंतर फोन लागला तेव्हा वनिता रडवेली होती, आणि तो तिला मिठाच्या बांध्यांचं विचारत होता, औंदा पीक कसं आलं म्हणून.

आता ते डोळे निळे आहेत. सकाळच्या धुक्यात डोंगा तलावाच्या मध्याकडे निघतो, सुखरामची पाठ आमच्याकडे असते आणि डोळे मात्र वाटेकडे, घराकडे, मिटण्याची सोय नसलेले. मी गच्चीच्या दाराशी चहा घेत उभी राहते आणि माझ्या डोक्यावर दोन घड्याळं दोन वेळांनी टिकटिकत असतात. त्यांतलं खोटं कोणतं, हे सैतानाला कळत असेल तर असो, मला अजून कळलेलं नाही. गेलेल्या माणसाची वेळ घरातून जात नाही. तिच्या घड्याळाचे सेल बदलणारं कुणीतरी मागे राहावं लागतं, एवढंच.