ड्रायव्हर सापडत नाही

नानांच्या डाव्या मनगटात, घड्याळाचा पट्टा असायचा त्या जागी, एक चौकोनी खाच होती. प्रिंटरची वायर तिच्यात नेमकी बसली. दुखलं का, असं ज्योत्स्नाने विचारलं, पण नाना बोलले नाहीत. दिवाळीपासून ते बोलतच नव्हते, आणि लेकीकडे बँकेतल्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईकडे बघावं तसं बघायचे.

वायरीचं दुसरं टोक तिने कॉम्प्युटरला लावलं. टुंग असा आवाज चढला, लगेच उतरला, आणि पडद्यावर ओळ आली: उपकरण ओळखता आलं नाही.

तिने बंगळूरला धाकट्या भावाला फोन लावला.

"काढून परत घाल," श्रीपाद म्हणाला.

"घातली. तेच येतंय."

"पुढच्या पोर्टला लावली असशील. मागे लाव, तिथे वीज पुरेशी मिळते."

मागे लावल्यावर नानांच्या गालांवर थोडा रंग आला.

"आता ड्रायव्हर सापडत नाही म्हणतोय."

"मग रीस्टार्ट कर."

"कॉम्प्युटर, की नानांना?"

"दोघांनाही," श्रीपाद म्हणाला. त्याला मीटिंग होती.

तिने कॉम्प्युटर बंद केला. नानांनी डोळे मिटले आणि त्यांची छाती हलायची थांबली. ज्योत्स्ना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. खांदा स्टीलच्या कळशीसारखा गार होता. कॉम्प्युटर सुरू झाला, तसे ते जागे झाले.

"ज्योत्स्ना," ते म्हणाले, "चहा ठेव गं."

ओट्याशी उभी राहून ती थोडं रडली, मग आलं किसलं.

चहा घेताना नाना बोलायला लागले. सगळी नोकरी त्यांनी एसटी चालवण्यात घालवली होती, रत्नागिरी ते मिरज. रत्नागिरी स्टँडवर गाडी कशी उलटी घ्यावी लागायची, ते त्यांनी सांगितलं आणि गप्प झाले. कप धरलेली बोटं राखाडी पडली. राखाडी रंग मनगटाकडे सरकू लागला. तिने परत श्रीपादला फोन लावला.

"कॉम्प्युटर वीज वाचवतो," श्रीपाद फोनवर म्हणाला. "उपकरण नुसतं बसून राहिलं की त्याची वीज तोडतो. ते सेटिंग बदल."

"बदलू देत नाही."

"मग त्यांना बोलतं ठेव."

"मग?" ज्योत्स्नाने नानांना विचारलं. बोटं पुन्हा गुलाबी झाली.

हातखंबा आला, पाली आली. साखरप्याला फणस घेतलेल्या बायका चढल्या आणि खोलीत फणसाचा वास भरला. आंबा घाटात धुकं होतं. नाना मान पुढे काढून रस्ता बघत होते, आणि तिला समोरची भिंत दिसेना. प्रत्येक थांब्यानंतर वायर थोडी आखूड व्हायची. मलकापूरला तिने नानांची खुर्ची टेबलाजवळ ओढली, कोल्हापूरला आपली. जयसिंगपूर सुटलं तेव्हा दोघांचे गुडघे एकमेकांना टेकले होते.

मिरज स्टँड आला. तिथे ड्यूटी संपायची. नाना थांबले.

"मग?" ती म्हणाली. राखाडी रंग कोपरापर्यंत चढला. "नाना, मग?"

"मग गाडी डेपोत न नेता मी सरळ आपल्या गल्लीत घातली."

असं त्यांनी कधी केलं नव्हतं. खिडकीतला उजेड गेला. गजांच्या पलीकडे पत्र्याची लाल बाजू येऊन थांबली आणि इंजिनाच्या धडधडीने बशीतला कप वाजू लागला.

"गाडी भरलेली होती," नाना म्हणाले. "पुढे जायचं होतं. माणसं खोळंबली होती माझ्यासाठी."

खरंच खोळंबली होती. काचेशी बसलेली माणसं शांतपणे आत बघत होती. कोणी घाई करत नव्हतं.

ज्योत्स्नाने पुढचं विचारलं नाही. नानांचा दंड राखाडी झाला, मग खांदा, मग गळ्याची शीर. त्यांची नजर तिच्यावर होती, पण त्या नजरेतली ओळख पातळ होत चालली होती.

"मग?" ती म्हणाली.

"मग ज्योत्स्नाने वायरीला हात घातला," नाना म्हणाले आणि दम घ्यायला थांबले.

तिने खाली पाहिलं. वायर तिच्या मुठीत होती, कोमट.

बाहेर कंडक्टरने एक बेल दिली. निघायला दोन लागतात. दोरी तशीच हातात धरून तो खिडकीतून तिच्याकडे बघत राहिला.