पान न उलटता

"समोरचा माणूस खोटं बोलतोय हे तुम्हाला लगेच कळतं का हो, मॅडम?"

भिंगरीने खुर्चीत बूड टेकायच्या आधीच विचारून टाकलं. मैत्रिणींनी पैज लावली होती: हिंमत असेल तर त्या मानसशास्त्रज्ञ बाईंना पहिला प्रश्न हाच विचार, वर्गातली खिडकीजवळची जागा तुझी. जागा तर मिळाली. पण प्रश्न तोंडातून सुटल्यावर तिच्या लक्षात आलं की आज निदान तिने तरी तो विचारायला नको होता.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "लगेच नाही कळत. मी काही मनातलं ओळखत नाही गं. म्हणून तर सकाळभर बसायचं आपल्याला."

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. आधी गप्पा. मग ठोकळे जुळवायचे, त्या म्हणतील ते आकडे उलटे म्हणून दाखवायचे, थोडं वाचायचं, थोडं लिहायचं. कंटाळा आला तर उठून पाय मोकळे करायचे. पास-नापास काही नाही. जे दिसेल ते आधी तुला सांगणार, मग आईबाबांना.

"आणि एखादी गोष्ट नाही जमली, तर तेही मला हवंच आहे," त्या म्हणाल्या.

हे मात्र घरी कुणी सांगितलं नव्हतं.

घरी सांगणारे बाबा होते, आणि बाबांची ड्रायव्हिंग स्कूल होती. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस लायसन्सच्या परीक्षेत सहसा आपटत नसे, कारण बाबा गाडीसोबत परीक्षकही शिकवायचे. हे साहेब आरशावर नजर ठेवून असतात, तर मान जरा जास्तच वळव. त्या साहेबांना घाई आवडत नाही, तर हळू घे. वर्गशिक्षिकांनी बोलावून सांगितलं, "मुलगी तोंडी विचारलं तर धबधबा आहे, पण पेपरात थेंब पडत नाही. एकदा तपासणी करून घ्या," तेव्हा बाबांनी हीसुद्धा परीक्षाच धरली. जेवणाचं टेबल त्या दिवसापासून क्लास झालं. आईने कुठूनसे ठोकळे आणले. बाबा भाजी वाढता वाढता आकडे टाकायचे आणि भिंगरीने ते घास गिळायच्या आत उलटे परत करायचे. कहर म्हणजे ओळखीतला एक मुलगा याच बाईंकडे जाऊन आला होता. त्याच्याकडून कळलं, दीपस्तंभाच्या रखवालदाराचा उतारा वाचायला देतात. तो एका जुन्या शालेय पुस्तकात सापडला. आईने मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला. भिंगरीला ऐकलेलं पाठ व्हायला वेळ लागत नाही. शाळेच्या वक्तृत्वात नुकतंच बक्षीस मिळवलं होतं तिने, तेही असंच, आईच्या आवाजावरून.

पण बाबांच्या या खटाटोपाला हसायची सोय नव्हती. त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे भिंगरीच्या आत्याला, लहानपणी शाळेने 'मंद' ठरवलं आणि आजोबांनी तिला घरी बसवलं. आजही कुठे सही करायची वेळ आली की आत्या आधी भावाच्या तोंडाकडे बघते. "शब्द एकदा चिकटला की खरवडून निघत नाही," बाबा म्हणाले होते. "नीट वाच, 'सगळं ठीक' म्हणवून घे, आणि सुटून ये."

ठोकळे झरझर जुळले. आकडे उलटे म्हणून झाले. मग बाईंनी एक जाडसर पुस्तिका उघडून समोर ठेवली, आणि भिंगरीला वरच्या दीपस्तंभाच्या चित्रावरूनच कळलं, हाच तो. तिने ओळीखाली बोट धरलं, घसा साफ केला आणि सुरू झाली. वारा आला तिथे आवाज चढवला, रखवालदार एकटा पडला तिथे खाली आणला. वादळ सरलं, पहाट झाली, किनाऱ्याला नाव लागली, नावेतून म्हातारा उतरला...

खोली फारच गप्प वाटली म्हणून ती थांबली. तिचं बोट पानाच्या तळाशी, शेवटच्या ओळीवर होतं. नाव आणि म्हातारा पलीकडच्या पानावर होते.

"पान उलटायचं राहिलं," बाई हळूच म्हणाल्या.

भिंगरीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तरी जीभ गप्प बसेना. "लगेच नाही कळत म्हणालात ना?"

"अर्धी सकाळ गेली की."

दोघी हसल्या, आणि हसता हसताच भिंगरीने पुस्तिका मिटली. "बाबांना काही बोलू नका, मॅडम. माझ्यासाठीच केलं त्यांनी."

"रागावणार नाही. पण लपवणारही नाही." बाईंनी दुसरं पान पुढे सरकवलं. "हे कुणी ऐकवलेलं नाही. जमेल तेवढंच वाच."

एका सुताराची गोष्ट होती. भिंगरीने पहिला शब्द उचलला, दुसरा उचलला, तिसऱ्यात जोडाक्षर आलं आणि तिथेच ती रुतली. मागची ओळ पुन्हा पुढे आली. वेलांटी कुठल्या अक्षराची होती ते सुटलं. वक्तृत्वातला तो गोळीबंद आवाज कुठे गेला कोण जाणे. हा दुसराच होता, बारीक, ठेचकाळणारा. बाईंनी मध्ये शब्द पुरवला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. सुताराचा पाट घासून होईपर्यंत भिंगरी वाचत राहिली.

"हा आवाज याआधी कुणी ऐकलाय?"

"नाही. मी आधी ऐकून घेते, मग वाचल्यासारखं करते."

बाईंनी ते पान बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "हा आळस नाही. आणि डोकं कमी असणाऱ्याला हे जमलंही नसतं. पण नक्की काय आहे ते या एका पानावरून मी लिहू शकत नाही, आणि घोकून आलेल्या गोष्टी मोजून उपयोग नाही. नवीन साहित्य घेऊन पुन्हा बसावं लागेल. नाही बसलीस तर तू आहेस तिथेच राहशील. आईबाबांची संमती लागेल. पण ओढून आणलेली मुलगी मला नको. तुझं तू ठरव."

बाहेरच्या बाकावरून आई उठली. बाबांनी शिकाऊ माणसांना विचारतात तसंच विचारलं, "अडखळली नाहीस ना कुठे?"

"अडखळले. त्याआधी पान न उलटता पुढचं म्हणून बसले."

आई परत खाली बसली. "अगं बाई."

"मग? काय लिहिणार त्या?" बाबांचा आवाज खरखरला.

"आज काहीच नाही लिहिणार."

बाबांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. त्यांनी गाडीची किल्ली काढली. "मग चला. सुटलो म्हणायचं. शाळेला सांगू, जाऊन आलो."

"आत्याही शाळेतून अशीच सुटली होती ना, बाबा?"

बाबा जागच्या जागी थांबले. त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, शिकवायच्या गाडीत आपल्या बाजूच्या ब्रेकवर जातो तसा. आईने त्यांच्या बाहीला हात लावला. कुणी काही बोलत नव्हतं, आणि भिंगरीला इतकी लांब शांतता सहन करायची सवय नव्हती. पण या वेळी तिने ती गडबडीने भरून टाकली नाही. शब्द नीट जमवले.

"मी परत येणारे. तयारी न करता. टेबलावर आकडे नकोत, बाबा, आणि आई, तू मला काही वाचून दाखवायचं नाहीस. तुम्ही फक्त हो म्हणा. मी त्यांच्यासमोर अडखळतच वाचणार आहे."