डाग क्रीमचा नव्हता

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. डाकारमधल्या एका दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत बसून बसून आता कंटाळलो आहे. परदेशी कारखान्यातून आलो तेव्हा माझा निळा दिवा पाहायला डॉक्टर रांग लावत. आता तो मिचमिचतो, भिंगांवर धूळ बसते आणि नवा दिवा 'पुढच्या महिन्यात' येणार असतो.

माझे काम ल्यूपस शोधण्याचे. या आजारात कुंपणच शेत खाते. शरीराची राखण करणारी प्रतिपिंडे शरीरावरच उलटतात. माझ्या उजेडात ती हिरवी चमकतात.

कोद्दू सुकी मासळी विकायची. तिच्या नाकावर आणि गालांवर डाग पडला. पुस्तकात हा डाग लाल असतो. आमच्याकडच्या काळ्या कातडीवर तो जांभळट-काळा दिसतो, आणि गोरे होण्याची क्रीम फासणाऱ्या बायकांचे गालही तसेच काळवंडतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'क्रीममुळे डाग' लिहिले आणि तिला वाटेला लावले.

तीन महिन्यांनी ती आत्याचा हात धरून परत आली.

"फास अजून क्रीम! मडमच व्हायचं होतं ना?" आत्या तेनिंग म्हणाली.

"आत्या, आईशप्पथ, डबीला हातसुद्धा लावला नाही गं. सांधे ठणकतात, केस गळतात, आता पायही सुजलेत."

माझी तंत्रज्ञ सोख्ना खिडकीतून म्हणाली, "क्रीमनं सांधे ठणकतात होय, आत्याबाई? ये गं, हात दे. रक्त घेते."

माझा दिवा दोनदा विझला. तिसऱ्यांदा पेटला आणि हिरवे ठिपकेच ठिपके दिसले. पुढच्या तपासणीत ल्यूपसची पक्की खूण असलेले अँटी-स्मिथ प्रतिपिंडही निघाले. आमच्या रुग्णांत ते वरचेवर सापडते. लघवीतून प्रथिने जात होती. आजार मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता.

तेनिंगने डोक्यावरचे फडके गालांवर ओढले. क्रीम तीच फासत असे, म्हणून भाचीवरही तोच संशय.

"तीन महिन्यांपूर्वी कळलं असतं?" तिने विचारले.

"कळलं असतं," सोख्ना म्हणाली. "आता औषधं सुरू करू. मूत्रपिंडं वाचतील तेवढी वाचवू."

मला फार वाईट वाटले. मी इथेच होतो, मित्रांनो. तिचे रक्तच कोणी माझ्यापाशी आणले नाही.

माझी धूळ पुसा, दिवा बदला. पण एखादी 'मी नाही केलं' म्हणाली, तर आधी तिचे खरे धरा आणि मग तपासा.