बिनमुखवट्याचा फोटो

"नाही म्हणजे नाही. मुखवटे भाद्रपदात निघतील," मृदुलाकाकू म्हणाल्या. "माहेरवाशिणीला आषाढातच उठवून बसवू? तुझ्या फोटोसाठी? ते नाही बनणार, शलाका."

मी मोबाइल खाली ठेवला. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरात भिंतीला पांढरी चादर लावून, टेबलावर गौरीचा लोखंडी स्टँड उभा करून, त्याला अंजिरी नऊवारी चढवून मी घामाघूम झाले होते. साडी इतकी सुरेख की नजर हटू नये. पण वर डोकंच नाही. गेल्या वर्षी काकूंनी असलाच फोटो लावला होता, आणि 'गौरीची शिवलेली साडी' एवढं लिहून त्या ऑर्डरींची वाट बघत बसल्या होत्या. सर्चमध्ये त्यांची साडी निघाली कुठे, तर टेबलाच्या झालरींमध्ये.

माझं काम सांगून कुणाला कळत नाही. माझ्या आईला अजून वाटतं मी मोबाइल दुरुस्त करते. ऑनलाइन दुकानात प्रत्येक वस्तूचं एक पान असतं. कुणी ती वस्तू शोधली की आपलं पान वर दिसावं, म्हणून त्यातलं नाव, वर्णन, फोटो नीट लावायचे, एवढंच मी करते. पान वर यायला वेळ लागतो, रोप लावल्यासारखा. गौरी तोंडावर आल्यावर पान लावलं तर ते दिवाळीत वर येतं. म्हणजे फोटो आषाढात हवा आणि मुखवटे भाद्रपदात निघणार. आली का पंचाईत?

काकूंचं खाली शिवणाचं दुकान होतं. इमारत नव्याने बांधताना ते गेलं आणि हे ऑनलाइन पान तेवढं उरलं. बेंगळुरूहून समरजित, त्यांचा मुलगा, दर रविवारी फोनवर एकच सांगे : या वर्षीही नाही चाललं तर मशीन काढून टाक आणि इकडे ये. काकूंनी हो म्हणून टाकलं होतं. मला ते हो ऐकवत नव्हतं. चांगल्या हाताचं काम केवळ दिसत नाही म्हणून बंद पडावं, याचा मला राग येतो. माझ्या धंद्यात तो रोज येतो.

सुभानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या गुजराती हार्दिकला सांगितलं, तर त्याने खांदे उडवले.

"नेटवरून गौरीचा फोटो उचल ने! बोले एनां बोर वेचाय. जो ओरडतो त्याचीच बोरं खपतात."

"तो फोटो शंभर दुकानांनी लावलाय. आपल्याला कोण विचारणार? आणि अंगावर साडी दुसऱ्याची."

"मग एआय मशीनकडून गौरी बनवून घे."

त्याने लगेच बनवूनही दाखवली. मशीनने काढलेल्या गौरीच्या नाकात दोन्ही बाजूंनी नथ होती. हार्दिकच म्हणाला, "रहेवा दे, नको ही." आणि गुपचूप ती पुसून टाकली.

रिक्षात बसल्यावर मला सुचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रिक्षा तशीच दांडिया बाजाराकडे वळवली.

"काकू, तुमच्याकडून साड्या नेलेल्या बायका गौरीचे फोटो काढत असतीलच ने? त्यांच्याकडे मागा."

काकूंचा चेहरा उतरला. "गिऱ्हाइकाकडे मागायचं? लोक म्हणतील, बाईला दिवस वाईट आले."

"मागणं कसलं? तुमचंच काम बघायचंय. दुकानाच्या पानावर लावू का, तेही विचारा."

त्या कात्रीशी चाळा करू लागल्या. मग म्हणाल्या, "लिही तू. पण 'कृपया' घाल. आणि मुलाबाळांची खुशाली आधी विचार."

निरोप गेला आणि दुसऱ्या दिवसापासून फोटो येऊ लागले. कारेलीबागेतून आले, सुरतेहून आले, पुण्याहून आले, एक तर थेट कॅनडातून आला. बायकांनी भरभरून लिहिलं होतं. काकू चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघत होत्या, आणि मला उमगलं की त्या हे सगळं पहिल्यांदाच बघत आहेत. इतकी वर्षं साड्या शिवल्या, पण गौरीच्या दिवसांत बाई स्वतःच्याच घरी पुरणात बुडालेली. दुसऱ्याच्या गौरी बघायला जाणार कधी?

"ही बघ, बसलेली. मांडीपाशी कापड सैल सोडलं होतं, तेव्हा कुठे अशी चापून बसली. आणि ह्यांच्याकडे स्टँड नाही. गव्हाच्या डब्यावर उभी करतात. डबा गोल, म्हणून निऱ्या जास्त घातल्या."

त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मी फक्त टिपत गेले. उभ्या गौरीचं पान वेगळं केलं, बसलेलीचं वेगळं, डब्यावरच्या गौरीचं वेगळं. सर्चच्या यंत्राला चित्र पुरतं समजत नाही, त्याला शब्दांनी सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक फोटोमागे काकूंचीच वाक्यं लिहिली. बायका फोनवर जे विचारायच्या, तेही उत्तरांसकट घातलं. माझ्या पदरचा शब्द क्वचितच घालावा लागला.

आषाढ ऑर्डरींवाचून कोरडा गेला. मी धीर सोडला नाही असं म्हणणार नाही, दोनदा सोडला. श्रावणात मात्र डब्यावरच्या गौरीचं पान पहिलं वर आलं. कारण उघड होतं. तसं शोधणाऱ्या बायका होत्या, पण तसं लिहिणारं दुकानच नव्हतं. पाठोपाठ बाकीची दोन्ही वर सरकली. काकूंनी मदतीला शेजारच्या कमळाबाईंना काज-बटणांसाठी बसवून घेतलं. रविवारी समरजितचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"मी नाही येत रे," त्या म्हणाल्या. "तूच ये गौरीला. इथे माणसं कमी पडतायत."

त्यांनी फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. नाशिकची कुणी अनोळखी मुलगी होती, आवाजावरून नवखी. काकूंच्या हातात काम होतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"पानावर गौरीचं माप कसं घ्यायचं ते वाचलं, काकू. पण आमच्याकडे ते सासूबाईच घ्यायच्या. त्या चैत्रात गेल्या. माझं चुकलं तर?"

काकूंनी मशीन थांबवलं.

"चुकलं तर मी उसवून परत शिवीन. टेप घे हातात. खांद्यापासून खाली जमिनीपर्यंत धर. दुसऱ्या कुणाला नको देऊस, तूच धर. यापुढे तिला तूच नेसवणार आहेस."

 पलीकडून टेप उलगडल्याची सळसळ ऐकू आली. काकू मशीनवरचं कापड बोटांत धरून थांबल्या होत्या, त्यांना घाई नव्हती.