माळावरचा काटेमाठ

धुळाआबाला गवतातलं कळतं, हे माढ्यापासून जेऊरपर्यंतच्या सगळ्या धनगरवाड्यांना ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नसलंच, तर धुळाआबा स्वतः सांगायचा. मारवेलावर मेंढरं कधी घालायची, पवन्या कुठल्या आठवड्यात दुधाला चांगला, कुसळ कातड्यात रुतायच्या आत कळप कधी हलवायचा, हे विचारायला लोक मोटारसायकलवरनं यायचे. आबा आधी तंबाखू मळायचा, मग समोरच्याला दोन शिव्या हासडायचा, आणि मग सांगायचा. सांगितलेलं कधी चुकलं नाही, निदान चुकलं असं त्यानं कधी कबूल केलं नाही. बाकी जन्मभर त्याला कसला मान मिळाला होता? शाळा नाही, शेत नाही, ग्रामपंचायतीत कुणी बस म्हटलं नाही. ब्याऐंशी मेंढरं आणि हा शब्द, एवढीच त्याची इस्टेट.

पण माळ बदलत चालला होता. ते आबाला दिसत होतं, फक्त मान्य नव्हतं. वनखात्याच्या राखीव माळाच्या तीन अंगांनी धरणाचं पाणी आलं, पाण्यामागनं ऊस आला, उसामागनं युरियाची पोती आली. चौथ्या अंगाला, वाऱ्याच्या तोंडावर, कुणीतरी कोंबड्यांची तीन लांबलचक शेडं टाकली. सकाळी त्यांचा उग्र वास सुटला की डोळ्यांत पाणी यायचं. पावसानंही ताळतंत्र सोडलं होतं. महिना महिना तोंड दाखवायचा नाही, आणि आला की तीन दिवसांत सगळं ओतून मोकळा व्हायचा. सात-आठ वर्षांत मारवेल आटला, पवन्याचे ओढ्याकाठी चार ठोंब उरले, पायाखालची बारीक फुलं तर कधी गेली ते कळलंही नाही. त्यांच्या जागी गाजरगवत आलं, टाकळा आला, आणि शेडांच्या अंगाला नुसता काटेमाठ माजला.

हे सगळं मोजायला चंद्रिका नावाची एक मुलगी पाच वर्षं माळावर येत होती. अक्कलकोटकडची, सोलापुरात शिकलेली. लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायची आणि आतलं एकेक रोप वहीत टिपायची. आबा तिला गवतवाली बाई म्हणायचा आणि लोकांत तिची नक्कल करून दाखवायचा. तरी ती भेटली की आपल्या डब्यातली शेंगाचटणी त्याला द्यायची, आणि तो ती न लाजता खायचा.

त्या वर्षी जूनमध्ये दोन सरी आल्या आणि पुढं बेचाळीस दिवस कोरडे गेले. मेंढरांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मग ऑगस्टात एकदम कोसळला, तीन दिवस. त्यानंतर आभाळ भरलेलं ते भरलेलंच राहिलं. आठवड्याच्या आत शेडांच्या अंगाला काटेमाठ गुडघ्याएवढा झाला, कोवळा, हिरवागार, अजून काटा न धरलेला.

चंद्रिका मुद्दाम वाड्यावर आली.

"आबा, शेडांकडं मेंढरं घालू नका. तिथला पाला मी तपासून आणलाय. विषारी झालाय तो."

"माठ इषारी?" आबा हसला. "पोरी, माजी आय माठाचीच भाजी खात हुती. तिच्यावर मी जगलो."

"तेव्हाची जमीन वेगळी होती की आबा. आता उसाचं, कोंबड्यांचं खत वाऱ्यातनं, पाण्यातनं माळावर पडतंय. गवताला एवढं सोसत नाही, काटेमाठाला सोसतं, म्हणून तोच माजलाय. एवढ्या दुष्काळानंतर एकदम पाणी मिळालं, त्यामुळं मुळांनी सगळं खत वर ओढलं. वर ऊन नाही, म्हणून झाडाला ते पचत नाही. ते पाल्यातच साठून बसलंय. उपाशी जनावरानं पोटभर खाल्लं तर रक्त निकामी होतं."

आबाच्या शेजारी पाहुणे बसले होते. नसते बसले तर कदाचित त्यानं ऐकलंही असतं, कोण जाणे.

"तू मोज," तो म्हणाला. "चारायचं आमी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं ब्याऐंशी मेंढरं शेडांच्या अंगाला घातली. मेंढरं तुटून पडली. दीड महिन्यानं त्यांच्या तोंडात ओलं काही गेलं होतं. आबाची बायको केराबाई, मुलगा बिरुदेव आणि आबा, तिघंही कडेला उभं राहून ते खाणं बघत होते आणि तिघांचंही पोट भरत होतं.

दोन तासांत पहिली मेंढी झोकांड्या देऊ लागली. मग चार, मग दहा. तोंडं उघडी, श्वास भात्यासारखा. आबानं एकीचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या काळपट तपकिरी. त्यानं कमरेची सुरी काढून तिचा कान चिरला. काकवीसारखं रक्त आलं. आबानं उभ्या जन्मात असलं रक्त पाहिलं नव्हतं, आणि जे पाहिलं नव्हतं ते त्याच्या लेखी देवाचंच असणार.

त्यांच्या घरात रीत होती. कळपावर रोग पडला की मेंढरं पळवत बिरोबाला न्यायची, देवळाभोवती पाच फेरे घालायचे आणि पाचवा फेरा होईतो एकही खाली बसू द्यायचं नाही. आबाच्या बापानं तसं केलं होतं, आज्यानं केलं होतं. तेव्हाचे रोग वेगळे होते, हे सांगायला दोघंही उरले नव्हते.

आरडाओरडा ऐकून चंद्रिका चौकट टाकून धावत आली.

"पळवू नका! आबा, पाया पडते, हलवू नका त्यांना! जिथं आहेत तिथं उभी राहू द्या. मी डॉक्टरांना फोन केलाय, करमाळ्याहून निघालेत. सुईनं वाचतात ही."

"किती येळ लागंल?"

"दीड तास."

"दीड तासानं काय कातडी सोलाया येतुया व्हय त्यो?"

तिनं आबाचा हात धरला. आबानं तो झटकला. बिरुदेव घुटमळला, बापाकडं बघत राहिला, तेव्हा आबानं काठी मेंढरांवर घालायच्या आधी त्याच्या पाठीत घातली.

अकरा मेंढरं उठेचनात. दोन लंगडी होती, तीन परवा व्यालेली, बाकी म्हातारी नाहीतर अगदीच गळाठलेली. काठ्या मारून पाहिल्या, शेपट्या पिरगाळून पाहिल्या. शेवटी आबा केराबाईला म्हणाला, "ही गेली म्हून समज," आणि उरलेली एकाहत्तर घेऊन तो निघाला.

देऊळ दीड कोसावर होतं. पहिल्या ओढ्यापर्यंतच नऊ पडली. पडलेल्या मेंढरांवरनं मागची उड्या मारत होती, काही उड्या मारतानाच पडत होती. बिरुदेव रडत होता आणि हाणत होता. आबा सगळ्यांत पुढं, "हैक, हैक" करत, भंडाऱ्याची पिशवी छातीशी धरून. देवळापाशी छत्तीस पोचली. पहिल्या फेऱ्याला सव्वीस उरली, तिसऱ्याला अकरा. चौथ्या फेऱ्याला आबा स्वतः मेंढरांची मागची तंगडी धरून त्यांना ओढत होता. पाचवा फेरा दोघींनी पुरा केला. बाकीच्या देवळाभोवती अशा पडल्या होत्या की पुजाऱ्याला पायरीवरनं खाली उतरायला जागा नव्हती.

दुपार कलली तेव्हा त्या दोन मेंढ्या आणि बिरुदेवाला घेऊन आबा माळावर परतला. बघतो तर अकराच्या अकरा उभ्या. चंद्रिकानं त्यांच्यावर आपली ओढणी आणि केराबाईचं लुगडं बांधून सावली केली होती. डॉक्टर त्यांना सुया टोचून झाल्यावर ओढ्याकडं, मेलेली मेंढरं बघायला गेला होता. एक व्यालेली मेंढी पिलाला पाजत होती.

"जागची हलली नाहीत म्हणून जगली," चंद्रिका म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "अंगात श्वास पुरवणारं रक्तच उरत नाही, आबा. तशात पळवलं की जीव जातो. नाही पळवलं तर बरीचशी तगतात."

आबाला कळलं. अगदी लख्ख कळलं, यात शंका नको. एकाहत्तर मेंढरांमधली निम्मी-अधिक पाल्यानं नाही, आपल्या काठीनं गेली, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. तो त्या व्यालेल्या मेंढीपाशी खाली बसला.

पण मग लांबून वाड्यावरची माणसं येताना दिसली. चंद्रिका डॉक्टरला गाठायला ओढ्याकडं गेली होती. आबा उठला. पिशवीत तळाला राहिलेला भंडारा त्यानं काढला आणि अकराही मेंढरांच्या कपाळाला, पाठीला फासला. देवळावरनं आलेल्या त्या दोघींना तिथंच फासला होता, अगदी तस्साच.

"आवं, ही तर हितंच हुती की," केराबाई म्हणाली.

"गप."

माणसं आली. तेरा मेंढरं पिवळी होऊन उभी होती.

"बिरोबानं तेरा राखली," आबा म्हणाला. बिरुदेवानं मान खाली घातली.

"पाला लागला म्हनं, आबा? ती गवतवाली बाई म्हनत हुती."

"पाल्यानं काय हुतंय? देवाचं काय तरी राहिलं आसंल आमच्याकडनं. ह्या तेरा फेऱ्याला नेल्या म्हून वाचल्या."

झालं. एका दिवसात ही गोष्ट सगळ्या वाड्यांवर गेली. लोक मेंढरांच्या पाया पडायला आले, आबाच्याही पडले. चंद्रिका वाड्यावाड्यांतनं फिरून सांगत होती की पाला चारू नका, आणि चारलाच तर पळवू नका. लोक तिला चहा पाजायचे आणि ती गेली की हसायचे. आबासारखा जाणता माणूस म्हणतोय पाल्यानं काही होत नाही, मग ही कोण?

तिसऱ्या दिवशी सकाळी आबाच्या पुढ्यात आठ-दहा जण बसले होते. जेऊरच्या अंगाचे म्हातारे, जे जन्मात कधी आबाकडं आले नव्हते, तेसुद्धा. एकानं नारळ आणला होता. तेवढ्यात आबाचा फोन वाजला. जावई होता, रावजी, माळाच्या पलीकडच्या वाड्यावरचा. आबाची एकुलती एक लेक म्हाळू त्याला दिली होती. त्यांच्या शंभरावर मेंढ्या होत्या आणि दोन पोरं त्याच मेंढ्यांवर वाढत होती.

आबाला कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा असायचा. सगळ्यांनी ऐकलं.

"मामा, सकाळधरनं शेडाच्या अंगाला चारतोय. तुमी म्हनला पाल्यानं काय हुत न्हाय म्हून. आता झोकांड्या द्याया लागलीत. तिगी पडल्या. ती चंद्रिकाताई हितंच हाय. म्हनती हलवू नका, डाक्टर अर्ध्या तासात येतुया. म्हाळू म्हनती, आबाला इचारल्याबिगर काय करायचं न्हाय. काय करू?"

केराबाई चुलीपासनं उठून आली.

"आवं, सांगा की," ती हळूच म्हणाली. "लेक हाय ती."

आबानं तिच्याकडं बघितलं. मग समोर बघितलं. आठ-दहा तोंडं त्याच्याकडं लागली होती, नारळवाला तर हात जोडून बसला होता. हलवू नको, एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. ते म्हटले असते तर मागाहून कुणीतरी विचारलं असतं, मग आबा, तुमी का पळवली? त्याचं उत्तर आबापाशी नव्हतं. म्हणजे होतं, पण ते देऊन तो उद्यापासनं कोण राहणार होता?

"ने बिरोबाला," आबा म्हणाला. "पळवतच ने. एक बी बसू दिऊ नगंस."

"बरं, मामा."

केराबाईनं आबाच्या हातातनं फोन हिसकावला. "रावजी! आरं थांब! पळवू नगंस रं, म्हाळूला दे फोन, रावजी!" ती किंचाळत राहिली. बसलेली माणसं उठून उभी राहिली, कुणाला काही समजेना.

फोन बंद झालेला नव्हता. गडबडीत रावजीनं तो तसाच खिशात टाकला असावा, कारण पलीकडून कुणी बोलत नव्हतं. ऐकू येत होती नुसती पळणारी मेंढरं, चंद्रिकाचं लांबून ओरडणं, आणि अगदी जवळ म्हाळूचा आवाज, बापानं लहानपणी शिकवलेल्या हाळीत मेंढरांना हाणणारा, हैक, हैक, हैक.