लाल रेघेच्या वर

"भरली? अगदी वरपर्यंत?" कुंपणापलीकडून शेजारच्या आंटेने विचारलं.

क्लेमने पत्र्याच्या टाकीवर खालपासून वरपर्यंत बोटांची पेरं आपटून पाहिली. आवाज कुठेच पोकळ नव्हता. या उन्हाळ्यात दोन वादळं लागोपाठ येऊन गेली आणि घराच्या छपरावरचं सगळं पाणी टाकीत उतरलं होतं.

"काठोकाठ," तो म्हणाला. "आणि उद्या आम्ही चाललो."

"मग राहू दे की. तुझ्या नावाने चहा करून पिईन."

"तुला नाही मिळायचं. आज बाथटब भरतोय. गळ्यापर्यंत. नोलीनसाठी."

आंटेने हातातलं फावडं खाली ठेवलं. "क्लेम, तुला ऊन लागलंय बाबा. जरा सावलीत बस बघू."

आंटेचं तरी काय चुकलं? पाण्याच्या बाबतीत क्लेमइतका चिकट माणूस ऑस्ट्रेलियाच्या त्या उजाड मुलखात दुसरा नव्हता. तीस वर्षं त्याने मेंढ्यांच्या कुरणांवरचे बोअरचे पंप दुरुस्त केले होते. एखादा पंप दोन दिवस बंद पडला की कोरड्या हौदाभोवती काय पडलेलं दिसतं, ते त्याने पाहिलं होतं. त्याच्या घरात दोन नळ होते. बोअरचं मचूळ पाणी अंघोळीला आणि धुण्याभांड्याला. टाकीतलं पावसाचं पाणी फक्त पिण्याला आणि चहाला. बोअरचं पाणीसुद्धा मोजकंच. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने नोलीनचं लाल नेलपॉलिश घेऊन टबाला आतून एक रेघ मारली होती, तळापासून चार बोटं वर. त्या चार बोटांत आधी मुलगी शॅरन अंघोळ करायची, मग नोलीन, शेवटी क्लेम. तेच पाणी मग बादलीने लिंबोणीला जायचं.

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नसे. अंग खाजायचं, केसांचा काथ्या व्हायचा. नोलीनने त्याच्याकडे आयुष्यात एकच चैन मागितली होती: एकदा, फक्त एकदा, पावसाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं.

"टाकी भरू दे," क्लेम म्हणायचा.

नोलीन तिशीची असताना टाकी एकदा भरलीही होती. टाकी भरून वाहायला लागली तेव्हा नोलीन हसत हसत दोन बादल्या घेऊन धावली. तिची बहीण घरी आलेली. तिच्यासमोरच क्लेम ओरडला, "एकदा हात सैल सुटला की सुटला! कुठली महाराणी लागून गेलीस तू?"

नोलीनने बादल्या खाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाकीचं जादा पाणी लाल मातीत वाहून जात होतं, आणि दोघंही खिडकीतून ते बघत होती. त्यानंतर तिने कधी विषय काढला नाही. क्लेमला मात्र ते वाहणारं पाणी पुढे किती वर्षं आठवत राहिलं.

आता क्लेमच्या छातीच्या दुखण्यामुळे शॅरनने त्यांच्यासाठी पोर्ट ऑगस्टा शहरात फ्लॅट घेतला होता. तिथे टब नव्हता. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच.

नोलीनला गावातल्या बायकांनी निरोपाच्या चहाला बोलावलं होतं. ती गेल्यावर क्लेमने बादल्या वाहायला सुरुवात केली. दर तीन बादल्यांनी पायरीवर बसायचं, धाप कमी झाली की उठायचं. शेवटच्या काही बादल्या त्याने बंबात तापवून ओतल्या. लाल रेघ खोल तळाशी गेली. त्याने नवा साबण ठेवला, टॉवेल ठेवला, आणि नवऱ्या मुलासारखा दारात उभा राहिला.

"आत ये जरा," नोलीन आल्याबरोबर तो म्हणाला. "बघ."

नोलीन न्हाणीघराच्या दारातच थांबली. "कुठलं पाणी हे?"

"पावसाचं. गळ्यापर्यंत. तू मागितलं होतंस."

तिचा चेहरा आता खुलेल, मग खुलेल, म्हणून तो बघत राहिला. नोलीनचा हात तोंडावर गेला.

"अरे देवा, क्लेम! किती ओतलंस हे? वेडबीड लागलंय का?"

"उद्या चाललोय ना आपण. टाकी इथेच राहणार."

"मग? मागून येणाऱ्यांना काय तहान लागत नाही?"

"तू बस तर. निवेल ते."

तिने कोपरापर्यंत हात बुडवला. बाहेर काढला, आणि दुसऱ्या हाताने त्यावरचं पाणी निपटून परत टबात सोडलं.

"मला नाही रे बसवायचं एवढ्या पाण्यात. जीव घाबरा होईल माझा." थोडं थांबून ती म्हणाली, "तेव्हा हवं होतं मला. तेव्हा तिशीची होते मी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर क्लेमला बरं वाटलं असतं. त्याने शिकवलं होतं आणि ती शिकली होती. मागायचं कसं तेच विसरण्याइतकं शिकली होती.

"काढ ते," ती म्हणाली. "रेघेपर्यंत."

क्लेम पुन्हा बादल्या वाहू लागला. लिंबोणीचं आळं भरून वाहिलं तेव्हा आंटे कुंपण ओलांडून आला, त्याने क्लेमच्या हातातली बादली काढून घेतली आणि उरलेल्या खेपा त्यानेच केल्या. टोमणा एकही मारला नाही. शेवटची भरलेली बादली तो झाडापाशी ठेवून गेला.

न्हाणीघराची खिडकी उघडी होती. आतून पाणी हलल्याचा आवाज आला.

"क्लेम!" नोलीन हाका मारत होती. तिचा आवाज एकदम कोवळा झाला होता. "अरे, फेस बघ किती येतोय! केसांना बघ कसा येतोय!"

क्लेम लिंबोणीखाली उभा होता. चार बोटं पाणी. चार बोटं पावसाचं पाणी तर तो तिला दर वर्षी देऊ शकला असता. गळ्यापर्यंत नाही म्हणता म्हणता त्याने तेवढंही दिलं नव्हतं, आणि ते त्याला आज कळत होतं.

"ऐकलंस का?" ती आतून म्हणाली. "माझं झालंच. पाणी ठेवलंय तुझ्यासाठी, ये लवकर."

"आलो," तो म्हणाला. पण पायाखालची माती आता पाणी पीत नव्हती, आणि शेवटची बादली हातात धरून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.